रात्रीची लघवी, एमएसचा आजार आणि तीन दिवसांची वही

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते असे कुणी सांगितले की वस्तीत उत्तरे ठरलेली असतात. शुगर तपासा, आता वय झाले, संध्याकाळनंतर पाणी पिऊ नका. यातले पहिले उत्तर बरोबर आहे. शुगर तपासायलाच हवी. पण शुगर नॉर्मल निघाली, वय अवघे तीस-पस्तीस आहे आणि सोबत पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, मध्येच काही दिवस एका डोळ्याने अंधुक दिसणे असेही काही घडून गेलेले आहे, तर मेंदूपासून लघवीच्या पिशवीपर्यंत जाणाऱ्या नसांचीही तपासणी व्हायला हवी. या नसांच्या आजारांपैकी एक म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात एमएस म्हणतात.

एमएसच्या रुग्णांना लघवीचा त्रास फार होतो. दहापैकी सात-आठ जणांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर तो होतोच. तरीही डॉक्टरांसमोर सर्वांत कमी बोलले जाते ते याबद्दलच. पाय लटपटतो हे सांगायला कुणी लाजत नाही, पण अंथरूण ओले होते हे सांगताना मान खाली जाते. म्हणून या अंकात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

एमएस म्हणजे काय?

विजेच्या वायरीवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. त्यामुळे मेंदूचा निरोप वेगाने आणि न गळता पुढे जातो. एमएसमध्ये आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन जागोजागी निघते, तिथे वण पडतात आणि निरोप अडखळतो. वण डोळ्याच्या नसेवर पडला तर दिसायला त्रास होतो, कण्यात पडला तर पायांना आणि लघवीला.

हा आजार बहुतेक वेळा 20 ते 40 या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने जास्त होतो. तो स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने पसरत नाही. 1868 साली फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी त्याचे नीट वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र त्याला ओळखते. तेव्हा करणी, बाहेरची बाधा, मागच्या जन्मीचे पाप असले काही कुणी सांगत आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. आजार मुळापासून जात नाही हे खरे. पण झटके कमी करणारी औषधे आज आहेत आणि लघवीच्या त्रासावरही उपचार आहेत.

लघवीचे काम कसे चालते?

दोन्ही मूत्रपिंडे रक्त गाळून थेंब थेंब लघवी तयार करतात. ती खाली पिशवीत साठते. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण 300 ते 500 मिलि लघवी मावते. पिशवी अर्धी भरत आली की तिथून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातून वर मेंदूपर्यंत जातो. मेंदू म्हणतो, थांब. आपण जागेवर जाऊन बसलो की मेंदू मोकळीक देतो. मग पिशवी आवळते आणि त्याच क्षणी खालची झडप सैल होते. हे दोन्ही एकाच वेळी झाले तरच पिशवी पूर्ण रिकामी होते.

हा निरोप कण्याच्या जवळजवळ पूर्ण लांबीतून ये-जा करतो. वाटेत कुठेही वण पडला तरी तो अडतो. एमएसमध्ये लघवीचा त्रास इतक्या जणांना का होतो, याचे हे मुख्य कारण.

आणखी एक गोष्ट रात्रीशी जोडलेली आहे. झोपेच्या वेळी मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक जास्त सोडतो. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. म्हणून तरुण माणसाच्या दिवसभराच्या एकूण लघवीपैकी रात्रीचा वाटा साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत असतो. वय 65 च्या पुढे गेले की तो 33 टक्क्यांपर्यंत गेला तरी चालते.

तक्रार एक, बिघाड तीन

रात्री उठावे लागते ही तक्रार एकच दिसते, पण तिच्यामागे तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात.

पहिला: पिशवी धरून ठेवत नाही. मेंदूचा ‘थांब’ हा निरोप पोहोचत नाही. पिशवी थोडी भरली की आपोआप आवळते. एकदम जोराची लघवी लागते, मोरीपर्यंत जाईपर्यंत थेंब गळतात, आणि होते मात्र थोडीच.

दुसरा: पिशवी रिकामी होत नाही. पिशवी आवळते पण खालची झडप उघडत नाही, किंवा पिशवीला आवळायला जोरच राहत नाही. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटते, करून आल्यावर पुन्हा लागल्यासारखे वाटते. आत लघवी शिल्लक राहते, म्हणून पिशवी लगेच पुन्हा भरते.

तिसरा: रात्री लघवीच जास्त तयार होते. इथे पिशवी कदाचित ठीक असते. पण मूत्रपिंडे रात्रीही दिवसासारखी, किंवा त्याहून जास्त, लघवी बनवत राहतात. प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते. एमएसमध्ये व्हॅसोप्रेसिनचा रात्रीचा ताल बिघडला तर असे होऊ शकते. दिवसभर खुर्चीत बसून पायांना सूज येते तेव्हाही असेच होते. आडवे झाल्यावर पायात साचलेले पाणी रक्तात परत येते आणि लघवीवाटे बाहेर पडते.

हे तीन वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. पिशवी शांत करणारी गोळी पहिल्या बिघाडात उपयोगी पडते. तीच गोळी दुसऱ्या बिघाडात दिली तर लघवी आणखी तुंबते. शेजारच्या वहिनींना ज्या गोळीने बरे वाटले ती आपण आणून घ्यायची नाही, याचे कारण हेच. आणि हे तीन बिघाड ओळखण्याची पहिली तपासणी घरीच, जवळजवळ फुकटात होते.

तीन दिवसांची वही

एक वही, एक पेन आणि मापाचा प्लॅस्टिकचा मग घ्या. मग नसेल तर जुना डबा घ्या. पाण्याच्या बाटलीने त्यात मोजून पाणी ओता आणि 100, 200, 300 मिलिच्या खुणा बाहेरून करा. हा डबा फक्त याच कामासाठी ठेवा.

तीन दिवस आणि तीन रात्री प्रत्येक वेळी लघवी डब्यात करा, वेळ आणि माप लिहा, मग ओतून द्या. काय प्यालात, किती आणि कधी, तेही लिहा. चहा, ताक, डाळीचे पाणी, सगळे. कपडे ओले झाले तर फुली मारा. झोपायला गेलेली आणि सकाळी उठलेली वेळ लिहा. कामावर जाणाऱ्यांनी सुट्टीचे दिवस धरावेत. तीनही दिवस सलग नसले तरी चालतात.

आता हिशेब. झोपण्याआधी शेवटची केलेली लघवी दिवसाच्या खात्यात धरायची. त्यानंतर रात्रभरात झालेली सगळी, आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीच्या खात्यात. सकाळची पहिली लघवी रात्रीच तयार झालेली असते, म्हणून ती इकडे.

समजा, पस्तीस वर्षांच्या एका ताईंची नोंद अशी आली: रात्री साडेअकराला 300, दोनला 350, साडेचारला 300, सकाळी सहाला 250. रात्रीची बेरीज 1200. चोवीस तासांची एकूण बेरीज 2000. म्हणजे रात्रीचा वाटा 60 टक्के. प्रत्येक वेळी मापही भरपूर आहे. इथे तिसऱ्या बिघाडाचा संशय घ्यायचा.

दुसऱ्या एका ताईंची नोंद समजा अशी: रात्रीतून चार वेळा 50, 70, 50, 60 आणि सकाळी 70. बेरीज 300. दिवस-रात्र मिळून 1600. रात्रीचा वाटा 20 टक्क्यांच्या आतच. उठणे दोघींचेही जवळपास सारखेच, पण या ताईंच्या मूत्रपिंडांचा दोष दिसत नाही. बिघाड पिशवीत आहे. तो पहिला की दुसरा हे वहीवरून कळत नाही. त्यासाठी लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी करतात आणि आत किती शिल्लक राहिली ते बघतात. 100 मिलिहून जास्त शिल्लक राहत असेल तर पिशवी नीट रिकामी होत नाही असे सहसा धरतात.

चोवीस तासांची बेरीजच 3 लिटरच्या वर जात असेल तर प्रश्न फक्त रात्रीचा नाही. अशा वेळी शुगर पुन्हा तपासा. एमएसच्या झटक्यात स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, त्यांनीही काही दिवस शुगर वाढू शकते.

घरात काय करता येते?

पाणी बंद करू नका. आमच्या आरोग्य बैठकांत हे सर्वांत जास्त वेळा सांगावे लागते. रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जायचे, गल्लीत दिवा नाही, सोबत कुणी नाही, म्हणून आपल्या बाया दुपारपासूनच घोटभर पाण्यावर राहतात. एमएसच्या रुग्णाने असे केले की लघवी दाट होते. दाट लघवी पिशवीला आणखी चिडवते, जंतू वाढतात, बद्धकोष्ठ होते, आणि भरलेले आतडे पिशवीवर दाब देते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितले असेल तर मात्र त्यांचेच ऐका. बदलायची असते ती वेळ. जास्तीत जास्त पाणी संध्याकाळपर्यंत प्या आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घ्या. दुपारी चारनंतरचा चहा सोडून बघा.

पायांना सूज येत असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी तासभर आडवे पडून पायांखाली उशा किंवा गोधडीची घडी घ्या. साचलेले पाणी झोपेआधीच बाहेर पडू द्या.

झोपण्याआधी लघवी करा, पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा एकदा करा. जोर लावून कुंथू नका.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर ती वेळ बदलता येते. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीने काही जणांच्या पायांना सूज येते. रुग्ण मोठ्याने घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. त्यानेही रात्रीची लघवी वाढते. पण कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

रात्री पडू नये याची व्यवस्था आधी करा. एमएसच्या रुग्णाचे पाय जड असतात, तोल कमी असतो, त्यात अंधार, ओली मोरी आणि घाई. अशा वेळी हाड मोडले तर घराचा सगळा हिशेब कोलमडतो. अंथरुणापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवा, छोटा दिवा चालू ठेवा, भिंतीला धरायला दांडी ठोका. पुरुषांसाठी युरिनल पॉट आणि बायांसाठी झाकणाची बादली किंवा कमोड खुर्ची खाटेजवळ ठेवा. यात कमीपणा काही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे झोपलेले असतात, म्हणून एक पडदा लावा. तेवढा आडोसा मिळाला की माणूस निःसंकोच उठतो.

घरातल्यांना एक विनंती. सासूबाई असोत, नवरा असो की मुले, “पुन्हा उठलीस का?” हे वाक्य बोलू नका. रात्रीची झोप मोडलेल्या रुग्णाचा थकवा, जो एमएसमध्ये आधीच फार असतो, दुसऱ्या दिवशी आणखी वाढतो.

डॉक्टर काय करतील?

लघवीची तपासणी, रक्तातली साखर, किडनीची तपासणी, सोडियम आणि लघवीनंतरची सोनोग्राफी यांपासून सुरुवात होते.

पिशवी धरत नसेल तर ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन अशा गोळ्या देतात. तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे त्रास. मिराबेग्रॉन ही वेगळ्या प्रकारची गोळी आहे. ती घेताना ब्लडप्रेशर तपासत राहावे लागते. गोळ्यांनी भागले नाही तर पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शने देतात. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायामही उपयोगी पडतात; ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

पिशवी रिकामी होत नसेल तर बारीक नळी स्वतःच घालून लघवी काढून टाकायला शिकवतात आणि नळी लगेच काढून घेतात. ती कायमची लावलेली पिशवी नव्हे. हात साबणाने धुऊन, दिवसातून ठरलेल्या वेळी आणि शेवटची झोपण्याआधी. ऐकताना भीती वाटते, पण हाताला वळण पडले की काही मिनिटांचे काम असते. हातात ताकद नसेल तर घरातले माणूसही शिकू शकते.

रात्री लघवीच जास्त बनत असेल तर डेस्मोप्रेसिन नावाचे औषध आहे. ते व्हॅसोप्रेसिनसारखेच काम करते आणि काही तासांपुरती लघवी कमी करते. या औषधाने झोप मिळते, पण धोकाही आहे. शरीरात पाणी राहिल्याने रक्तातले सोडियम घसरू शकते. म्हणून सुरू करण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासावे लागते. चोवीस तासांत एकदाच घ्यायचे. घेण्याच्या एक तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत पाणी अगदी तहानेपुरतेच प्यायचे. डोके दुखणे, मळमळ, उलटी, गोंधळल्यासारखे होणे, झटके येणे यांपैकी काही झाले तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा. वय 65 च्या पुढे असेल, हृदय कमजोर असेल किंवा किडनीचा आजार असेल तर हे औषध बहुधा देत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून ते आणू नका.

ताप आणि ‘नवा झटका’

पिशवीत शिल्लक राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ होते, लघवी गढूळ आणि वासाची होते, ताप येतो. एमएसच्या रुग्णाला ताप आला की जुनी लक्षणे उफाळून येतात. काल काठीने चालणारा आज उभाच राहत नाही. घरच्यांना वाटते, झटका आला. पुष्कळदा तो नवा झटका नसतो. संसर्ग बरा झाला की रुग्ण पूर्वपदावर येतो. म्हणून एकाएकी त्रास वाढला तर डॉक्टरांना आधी लघवी तपासायला सांगा. कल्चरसाठी लघवी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

लघवी अजिबात होत नसून ओटीपोट फुगले असेल, थंडी वाजून ताप आला असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा दोन्ही पायांमधली जागा एकाएकी बधिर झाली असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या सरकारी रुग्णालयात जा.

हक्क माहीत असू द्या

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावानिशी आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळवता येते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण असेल तर आरक्षण आणि अनेक योजना लागू होतात. याच कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. महापालिकेत, रेल्वेत, सरकारी कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या माणसांनी कुणाच्या सांगण्यावरून राजीनामा लिहून देऊ नये.

आणि संडासाचा प्रश्न. मुंबईत 2011 साली ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुतारीची मागणी पुढे आली, तेव्हा काहींनी हसण्यावारी नेली. रात्री चार वेळा उठणाऱ्या आजारी बाईला हे विचारा. तिच्यासाठी संडासातला दिवा, आतून लागणारी कडी, धरायची दांडी आणि एकतरी बसायचे भांडे ही औषधाइतकीच गरजेची वस्तू आहे. आपल्या मंडळाने, महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना या चार गोष्टी नावानिशी लिहाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी.

ओपीडीत काय सांगाल?

सरकारी ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. तेव्हा वही पुढे करा आणि एवढेच सांगा: “मला एमएस आहे. रात्री इतक्या वेळा उठावे लागते. रात्रीचा वाटा इतके टक्के आहे. लघवीनंतर आत किती शिल्लक राहते ते बघायचे आहे.” एमएसचे निदान झालेले नसेल तर पहिल्या वाक्याऐवजी पायांच्या मुंग्या, तोल, डोळ्यांचा त्रास कधीपासून आहे ते सांगा आणि न्यूरॉलॉजी विभागाची चिठ्ठी मागा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाने भरावी. आकडे लिहायचे आहेत, लाजण्यासारखे त्यात काहीच नाही.